छपाईचे काम : घरी शिकावे की क्लासात?

हिंजवडी हे मुळशी तालुक्यातले गाव. आज तिथे संगणकाच्या मोठमोठ्या कंपन्या आहेत. पण म्हातोबाची जत्राही आहेच. जत्रेची पत्रिका लागते, लग्नाची पत्रिका लागते, दुकानाचे हँडबिल लागते. पूर्वी छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून ही कामे करीत. आता संगणकावर पान मांडतात. त्याला डीटीपी म्हणतात.

हे काम शिकायचे ठरले, की घरात वाद होतो. मुलगा म्हणतो, "फी कशाला? मी बघून बघून शिकीन की!" आई म्हणते, "पैसे भरले म्हणजे नीट शिकवतील." खरे कोणाचे?

आम्ही म्हणतो, दोघांचेही थोडे थोडे खरे आहे. आधी घरी हात चालवून बघावा. पान मांडायचा 'स्क्रायबस' हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. मात्र १.६ किंवा त्यापुढचा घ्यावा. फार जुना घेतला तर मराठी जोडाक्षरे मोडतात. मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये संगणकाचे पुष्कळ धडे मराठीतून आहेत. तेही फुकट. रोज तासभर बसावे. महिन्यात कळते, यात मन रमते की नाही. नाही रमले, तर फी वाचली!

पण घरी एक उणीव राहते. चूक दाखवणारा माणूस नसतो. 'दिन'चा 'दीन' झाला, तरी संगणक गप्प. कडेला जागा कमी सोडली, की कागद कापताना अक्षरे जातात. हे जाणता माणूसच सांगतो. जावजी दादाजी लहानपणीच मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले. जाणत्यांच्या हाताखाली शिकले. १८६९ साली त्यांनी 'निर्णयसागर' छापखाना काढला. तुमच्या ओळखीचा छापखाना असेल, तर तिथेही विचारून बघा.

क्लासच लावायचा, तर आधी चार प्रश्न विचारा. प्रत्येकाला वेगळा संगणक आहे का? मराठी टायपिंग शिकवता का? आमच्या चुका कोण तपासणार? कोणता प्रोग्रॅम शिकवणार? नुसता 'पेजमेकर' म्हणाले तर थांबा. त्याची नवी आवृत्ती निघणे केव्हाच बंद झाले आहे. फी हप्त्याने भरा, पावती घ्या.

आणि एक काम तुमचे. आता तुम्हांला वाचता येते. मुलाने मांडलेले पान छापण्याआधी मोठ्याने वाचा. चूक दिसली की बोट ठेवा. या शिकवणीला फी पडत नाही.