हृदयाच्या रक्तवाहिनीतील अडथळा : दिसतो किती आणि अडवतो किती?

हृद्रोग हा केवळ शहरातील सुखवस्तू माणसांचा रोग आहे, ही समजूत आता मागे पडली आहे. खेड्यापाड्यांतील शेतकरी, शिक्षक आणि कारकूनही छातीतील कळेची तक्रार घेऊन मोठ्या रुग्णालयात जातात. तेथे अँजिओग्राफी होते आणि ‘एका नळीत साठ टक्के ब्लॉक आहे’ हे शब्द ऐकताच घरच्यांचे धाबे दणाणते. कोणी जमीन गहाण टाकण्याच्या विचाराला लागतो, तर कोणी भीतीपोटी उपचारांकडेच पाठ फिरवतो. साठ टक्के हा आकडा नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे समजून घेतल्यास या दोन्ही चुका टाळता येतील.

हृदयाची राखीव क्षमता

हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरवते. परंतु त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळते ते महारोहिणीच्या मुळाशी फुटणाऱ्या उजव्या आणि डाव्या हृद्‌रोहिण्यांतून. माणूस स्वस्थ बसलेला असता या वाहिन्यांतून दर मिनिटाला सुमारे पाव लिटर रक्त वाहते. चढ चढताना किंवा ओझे वाहताना हा प्रवाह चौपटीपर्यंत वाढू शकतो. निसर्गाने ठेवलेली ही राखीव क्षमता होय.

वाहिनीच्या आतील भिंतीवर मेदाचा थर साचून ती अरुंद होऊ लागली, तर पुढील सूक्ष्म वाहिन्या रुंदावतात आणि विश्रांतीच्या वेळचा पुरवठा सांभाळून घेतात. पाटाच्या तोंडाशी दगड पडला तरी पावसाळ्यात तो कोणाच्या ध्यानी येत नाही. उन्हाळ्यात सर्व शेतांना एकाच वेळी पाणी हवे असते, तेव्हाच शेवटचे शेत कोरडे राहते. हृदयाचेही तसेच आहे. अमेरिकन वैद्य लान्स गोल्ड यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्राण्यांवरील प्रयोगांत असे दिसले की, वाहिनीचा व्यास सुमारे ८५ टक्के घटेपर्यंत विश्रांतीचा प्रवाह कमी होत नाही. मात्र श्रमाच्या वेळचा कमाल प्रवाह व्यास निम्म्यावर येण्याच्या सुमारासच घटू लागलेला असतो. म्हणून अडथळ्याचे खरे मोजमाप कमाल प्रवाहाच्या वेळीच करावे लागते.

छायाचित्राची मर्यादा

अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे १९५८ साली मेसन सोन्स यांच्या हातून क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य योगायोगाने थेट हृद्‌रोहिणीत सोडले गेले आणि अँजिओग्राफीचे युग सुरू झाले. या तपासणीचे महत्त्व आजही कायम आहे. तथापि तिच्यात दिसते ती वाहिनीच्या पोकळीची सपाट छाया. अरुंद भाग किती लांब आहे, त्यापुढे हृदयाचा किती स्नायू अवलंबून आहे, शेजारच्या वाहिन्यांतून आडवाटेने रक्त पोहोचते की नाही, या गोष्टी छायेवरून पुरत्या कळत नाहीत.

या मर्यादेचा पुरावा ‘फेम’ नावाच्या युरोप-अमेरिकेतील अभ्यासात मिळाला. छायेत ५० ते ७० टक्के दिसणाऱ्या अडथळ्यांपैकी सुमारे ३५ टक्केच रक्तप्रवाहाला खरोखर बाधक ठरले. ७१ ते ९० टक्के दिसणाऱ्या अडथळ्यांतही पाचांपैकी एक बाधक नव्हता.

दाबावरून प्रवाहाचे माप

अँजिओप्लास्टीचे जनक आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १९७७ मध्ये झुरिक येथे पहिली शस्त्रक्रिया केली, तेव्हाही ते अडथळ्याच्या अलीकडील व पलीकडील दाब तपासत. या कल्पनेला शास्त्रशुद्ध रूप दिले ते नेदरलँड्सचे निको पाइल्स आणि बेल्जियमचे बर्नार्ड द ब्रुइन यांनी, १९९० नंतरच्या दशकात. या मापाला ‘फ्रॅक्शनल फ्लो रिझर्व्ह’, संक्षेपाने एफ.एफ.आर., म्हणतात.

मनगटातील किंवा जांघेतील रोहिणीवाटे केसासारखी बारीक तार अडथळ्याच्या पलीकडे नेतात. तिच्या टोकाजवळ दाब मोजणारे सूक्ष्म साधन असते. नंतर अ‍ॅडेनोसिनसारखे औषध देऊन सूक्ष्म वाहिन्या पूर्ण रुंदावल्या जातात, म्हणजे श्रमाच्या वेळची स्थिती निर्माण केली जाते. या स्थितीत पुढील वाहिन्यांचा विरोध किमान व स्थिर असतो. त्यामुळे दाब ज्या प्रमाणात घटतो, त्याच प्रमाणात प्रवाहही घटला असे मानता येते. महारोहिणीतील दाब १०० आणि अडथळ्यापलीकडील दाब ७० असेल, तर गुणोत्तर ०.७० येते. याचा अर्थ असा की, निर्दोष वाहिनीतून जेवढे रक्त जाऊ शकले असते त्याच्या ७० टक्केच जात आहे.

औषध दिल्यावर काही क्षण छाती जड वाटणे किंवा चेहरा तापणे संभवते. दम्याच्या रुग्णाने आपला विकार डॉक्टरांना आधीच सांगावा. १९९६ साली ४५ रुग्णांच्या अभ्यासातून ०.७५ ही सीमारेषा मांडण्यात आली; आता सर्वसाधारणपणे ०.८० ही मर्यादा मानतात. औषधाविना, विश्रांतीच्या स्थितीत दाब मोजण्याच्या पद्धतीलाही २०१७ मधील दोन मोठ्या अभ्यासांनी आधार दिला. तिची सीमारेषा ०.८९ आहे.

अनुभव काय सांगतो?

‘डिफर’ नावाच्या अभ्यासात, छायेत अरुंदपणा असूनही गुणोत्तर ०.७५ किंवा अधिक असलेल्या १८१ रुग्णांचे दोन गट केले गेले. एका गटावर अँजिओप्लास्टी झाली, दुसऱ्यावर केवळ औषधोपचार. १५ वर्षांचा पाठपुरावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया टाळलेल्या गटात मृत्यूंचे प्रमाण वाढले नव्हते. उपरोल्लेखित ‘फेम’ अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. त्यातील १,००५ रुग्णांपैकी केवळ छाया पाहून उपचार केलेल्यांना सरासरी २.७ स्टेंट बसवले गेले, तर माप घेऊन उपचार केलेल्यांना १.९. वर्षभरात मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पुन्हा शस्त्रक्रिया यांचे प्रमाण पहिल्या गटात १८.३ टक्के, तर दुसऱ्या गटात १३.२ टक्के होते. स्टेंट कमी बसवूनही प्रकृती अधिक चांगली राहिली.

तरीही हे माप सर्व प्रश्नांचे उत्तर नव्हे. तिन्ही प्रमुख वाहिन्या बाधित असलेल्या रुग्णांत माप घेऊन स्टेंट बसवणे बायपासची बरोबरी करू शकले नाही, असे २०२१ च्या अभ्यासात दिसून आले.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

पहिली गोष्ट तातडीची. छातीत अचानक तीव्र कळ, घाम आणि घुसमट अशी लक्षणे दिसली, तर कोणत्याही मापाची चर्चा न करता तत्काळ रुग्णालय गाठावे. झटका येत असता बंद झालेली वाहिनी लवकरात लवकर उघडणे हाच उपचार होय.

दुसरी गोष्ट स्थिर प्रकृतीच्या रुग्णांची. मध्यम अडथळा सांगितला गेला, तर ‘हा अडथळा प्रवाह खरोखर अडवतो का, हे मोजले आहे का किंवा मोजता येईल का?’ असे डॉक्टरांना नम्रपणे विचारावे. या तारेचा खर्च वेगळा असतो आणि ती सर्वत्र उपलब्ध नसते. अशा वेळी चालण्याच्या पट्ट्यावरील चाचणीसारख्या अन्य तपासण्यांचा विचार होऊ शकतो. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली. तथापि किमतीच्या आधी गरजेचा प्रश्न येतो.

तिसरी गोष्ट अशी की, माप समाधानकारक आले म्हणजे रोग नाहीसा झाला असे नव्हे. मेदाचा थर तेथेच असतो. तंबाखू वर्ज्य करणे, रक्तदाब व मधुमेह आटोक्यात ठेवणे आणि डॉक्टरांनी दिलेली औषधे नियमित घेणे आवश्यकच आहे. शिक्षकांनी व ग्रामपंचायतीच्या कार्यकर्त्यांनी ही माहिती गावातील कुटुंबांना समजावून दिल्यास, भीतीपोटी घेतले जाणारे अनेक निर्णय विचारपूर्वक घेतले जातील.