हाडाची तलवार, मातीचं नाणं

लोखंड जवळजवळ नसलेल्या जगात लढवय्या कसा दिसेल? एका खांद्यावर किड्याच्या कवचाचा तुकडा, दुसरा खांदा उघडा. अंगावर कातड्याचे पट्टे, हातात हाडाला धार लावून केलेली तलवार. पूर्ण चिलखत नाही, कारण धातू परवडत नाही. आणि परवडला तरी त्या उन्हात माणूस आतल्या आत भाजून निघेल. १९९१ साली अमेरिकेतल्या टीएसआर कंपनीने 'डार्क सन' हे खेळविश्व आणलं, तेव्हा ब्रॉम या चित्रकाराच्या चित्रांनी हे सगळं एका नजरेत सांगितलं.

हे विश्व 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळासाठी होतं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ सालचा. पट आणि सोंगट्या नसल्या तरी चालतं. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एक पात्र होतो आणि भोवतालचं जग चालवतो तो डन्जन मास्टर. 'मी दार फोडतो' म्हटलं की वीस बाजूंचा फासा पडतो. बाकी सगळा कारभार बोलण्याचा. म्हणून तर चित्राला इतकं वजन: एकच वर्णन ऐकून पाच डोक्यांत पाच निराळी शहरं उभी राहतात, एक चित्र त्यांना एका वेशीपाशी आणतं.

या खेळातले काही राक्षस तर थेट वस्तूवरून जन्मले. घुबडाचं डोकं नि अस्वलाचं धड असलेला आउलबेअर, लोखंडाला गंज चढवून ते खाणारा रस्ट मॉन्स्टर, हे गायगॅक्सला स्वस्तातल्या प्लॅस्टिकच्या खेळण्यांवरून सुचले. आकार आधी हाती आला, स्वभाव मागाहून.

'डार्क सन'मध्ये तीच वाट एका अख्ख्या जगाने धरली. टिमथी ब्राऊन आणि ट्रॉय डेनिंग ते लिहीत होते. ब्रॉम १९८९ साली, विशीतच, कंपनीत नोकरीला लागला होता. लिखाणाच्या आधीच आपण चित्रं काढत होतो आणि लेखक त्यातली माणसं गोष्टीत घेत होते, असं त्याने पुढे सांगितलं आहे. चित्रकाराला असा मान फार थोड्या ठिकाणी मिळतो, आणि तो इथे सार्थ ठरला.

या जगाचं नाव अथास. इथली जादू झाडाझुडपांतला जीव ओढून घेते. घाई करणारा जादूगार भोवतालच्या गवताची राख करतो, मातीही नापीक करून सोडतो. जपून वागणाऱ्याला तेच शिकायला जास्त काळ लागतो. शतकानुशतकं घाईच जिंकली आणि अथासचं वाळवंट झालं. टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला हे जग परकं वाटणार नाही. बाकीचं सारं या एका कारणातून उगवतं. नाणी भाजलेल्या मातीची. देव नाहीत; शहरांवर जादूगार राजांची सत्ता. एल्फ म्हणजे मैलोन्मैल धावणारे भटके व्यापारी, चोरीतही तरबेज. कादंबरीकार टॉल्कीनच्या खाऊनपिऊन सुखी हॉबिटांचे हे भाऊबंद, हाफलिंग, इथे जंगलात राहतात आणि माणसं खातात.

आपलं पात्र रेखाटायला बसलेली पुष्कळ मुलं-मुली आधी देखणा चेहरा काढतात, मग चकाकती तलवार. असं चित्र कुठल्याही जगात खपून जातं, आणि हाच त्याचा दोष आहे असं मला वाटतं. त्यापेक्षा या पात्राकडे काय नाही, हे आधी ठरवावं. तो पाणी कशात नेतो? पट्टा तुटला तर कशाने बांधतो? ब्रॉमच्या माणसांच्या अंगावर अशी उत्तरं दिसतात, म्हणून ती दुसऱ्या कुठल्या जगातली वाटत नाहीत.

नियमही याच मातीतले. हाडाची तलवार घाव घालताना मोडू शकते. पात्रं इतकी सहज मरतात, की प्रत्येक खेळणाऱ्याने सुरुवातीलाच चार पात्रं तयार ठेवावीत असं पुस्तक सांगतं: एक खेळात, तीन मागे. एक पडलं की पुढचं उभं राहतं, आणि काढायला बसायचं तर चार चेहरे काढायचे.