तिसरे शिफारसपत्र जोडावे का?

बारावीनंतर अमेरिकेत शिकायला जाण्याची खटपट तुमच्यापैकी काही जण करतील. तेथील पुष्कळ विद्यापीठे अर्जासोबत शिक्षकांची शिफारसपत्रे मागतात. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एम.आय.टी., शिक्षकांची दोन पत्रे मागते : एक गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकांचे, दुसरे भाषा, इतिहास अशा विषयांच्या शिक्षकांचे. मग घरात कोणीतरी म्हणतेच, "दोनच का? ओळखीच्या डॉक्टरसाहेबांचेही घ्या!" पत्रे जास्त तर वजन जास्त, असा हा हिशेब. तो बरोबर आहे का?

वजनाचीच गोष्ट निघाली, तर वाण्याच्या वजनकाट्याकडे वळू या. साखरेची पुडी पुन्हा पुन्हा तोलली, तर आकडा वाचताना होणारी चूक कधी जास्त, कधी कमी अशी पडते. सरासरी काढली की ती बरीचशी मिटते. एका मोजमापातील चूक १ मानली, तर दोन स्वतंत्र मोजमापांच्या सरासरीत ती सुमारे ०.७१ उरते, तीन मोजमापांच्या सरासरीत ०.५८. म्हणजे दुसऱ्याने जेवढा लाभ झाला, तेवढा तिसऱ्याने होत नाही! आणि काट्यातच ५० ग्रॅमचा दोष असेल तर? मग शंभर वेळा तोला, ते ५० ग्रॅम तसेच राहणार. त्याला दुसरा काटाच हवा.

आता पाहा. भौतिकीच्या सरांनी तुम्हाला वर्गात पाहिले; रसायनाच्या बाईंनीही त्याच वर्गात, त्याच बाकावर पाहिले. दोघेही लिहिणार, विद्यार्थी हुशार आहे, नियमित आहे. ते तर गुणपत्रिकाच सांगते. काटा तोच! एम.आय.टी. दोन निराळ्या विषयांचे शिक्षक का मागते, हे यावरून ध्यानात येईल.

बरे, उपयोग नसला तरी तोटा तर नाही? तोही होऊ शकतो. रिचर्ड निस्बेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली प्रयोगांनी दाखवले की, एखाद्या माणसाविषयीच्या उपयुक्त माहितीत निरुपयोगी माहिती मिसळली, तर वाचणाऱ्याचा त्याच्याविषयीचा अंदाज मवाळ होतो. मिठाच्या पाण्यात साधे पाणी ओतावे, तसेच हे. मीठ तेवढेच, खारटपणा मात्र कमी. डॉक्टरसाहेबांचे पत्र हे असे साधे पाणी!

पण समजा, एक मुलगी दोन वर्षे सुटीच्या दिवशी गावातल्या पंप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडे काम शिकते आहे. बंद पडलेली मोटर तिने कशी उघडली, पहिल्यांदा फसल्यावर काय केले, हे शाळेत कोणालाच ठाऊक नाही. मिस्त्रींच्या नावापुढे पदवी नसेना का, ते पत्र जोडावे. आधी त्या संस्थेचा नियम तेवढा वाचावा. कॅलिफोर्निया विद्यापीठ तर पदवीच्या अर्जासोबत सहसा पत्रे मागतच नाही. नियमात बसत असेल, तर मिस्त्रींना महिनाभर आधी गाठावे आणि कोणत्या दिवशी कोणते काम केले, त्याची वही सोबत न्यावी.