कोंबडा की कोंबडी? खुराड्यातली तेरा नवलं

गोरेगावच्या आरे कॉलनीचं नाव निघालं की दूध आठवतं, बिबट्या आठवतो. कोंबडी सहसा कुणाला आठवत नाही. पण केंद्र सरकारच्या चार प्रादेशिक कुक्कुट विकास संस्थांपैकी पश्चिम विभागाची संस्था याच आरेत आहे. बाकीच्या तीन चंडीगड, भुवनेश्वर आणि बंगळुरूजवळच्या हेसरघट्ट्याला. परसात तग धरतील अशा कोंबड्यांची पैदास आणि पाळणाऱ्यांना प्रशिक्षण हे तिचं काम. आरेच्या पाड्यांवर आणि उपनगरांतल्या जुन्या गावठाणांत अजूनही डालगी-खुराडी दिसतात. त्या खुराड्यात किती विज्ञान दडलंय, ते पाहू.

१. मुलगा की मुलगी, हे आई ठरवते
माणसांत बाळाचं लिंग वडिलांच्या गुणसूत्रावर ठरतं, कोंबड्यांत नेमकं उलट. कोंबड्याकडे झेड-झेड अशी सारखी जोडी, तर कोंबडीकडे झेड आणि डब्ल्यू. तिने डब्ल्यू दिला तर तलंग, झेड दिला तर कोंबडा. पवई तलावातल्या मगरींची पिल्लं नर होणार की मादी, हे अंड्याला मिळालेल्या उबेवर ठरतं. कोंबडीच्या अंड्यात ऊब कमी-जास्त करून नराची मादी होत नाही.

२. टोकदार अंड्याचा दोन हजार वर्षांचा वाद
लांबट, टोकदार अंड्यातून मादी निघते, असं अ‍ॅरिस्टॉटलने लिहिलं. नर हवे असतील तर तीच अंडी उबवा, असं रोमन शेतीतज्ज्ञ कोलुमेला सांगून गेला. दोघेही चुकले. अंड्याच्या आकारावरून आत कोण आहे ते कळत नाही.

३. जपानी बोटांची कमाल
एका दिवसाच्या पिल्लाचं गुदद्वार हलकेच उघडून आतल्या बारीक उंचवट्यावरून नर-मादी ओळखायची पद्धत १९२० च्या दशकात कियोशी मासुई आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी विकसित केली. तयार हात तासाला शेकडो पिल्लं निवडतो. घरी मात्र हा प्रयोग नको. अडाणी हाताने दाबलं तर पिल्लू दगावतं.

४. डोक्यावरचा पांढरा ठिपका
ऱ्होड आयलंड रेड कोंबडा आणि पट्टेरी प्लिमथ रॉक कोंबडी अशी जोडी लावा. पिल्लं काळी निघतात, पण नरांच्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो आणि माद्यांच्या नसतो. पट्ट्यांचं जनुक झेड गुणसूत्रावर असतं आणि आईचा झेड फक्त मुलांना मिळतो, म्हणून हे घडतं. जोडी उलटी लावली, म्हणजे कोंबडा पट्टेरी आणि कोंबडी लाल, तर सगळ्याच पिल्लांना ठिपका येतो आणि युक्ती फसते. रंगावरून पिल्लं निवडण्याची कल्पना पहिल्या महायुद्धाच्या काळात रेजिनाल्ड पनेट यांनी पुढे आणली. कॉलेजात आनुवंशशास्त्र शिकताना ज्यांचा चौकोन काढावा लागतो, तेच हे पनेट.

५. पंख उघडा, उत्तर वाचा
काही खास संकरांत पहिल्या दिवशी पंखाची लांब पिसं वरच्या झाकण-पिसांपेक्षा ठळकपणे मोठी दिसली तर मादी, दोन्ही सारखी असतील तर नर. त्यासाठी बाप लवकर पिसं येणाऱ्या वाणाचा आणि आई उशिरा पिसं येणाऱ्या वाणाची हवी. मिसळलेल्या गावठी कळपात ही खूण लागू पडत नाही.

६. गावठी पिल्लांसाठी सोपी खूण
थोडा धीर धरा. दीड-दोन महिन्यांत नराचा तुरा लवकर मोठा आणि लाल होतो, पाय जाड दिसतात. पुढे मानेवर आणि कमरेवर लांब, टोकदार, चकचकीत पिसं उतरतात. तलंगेची पिसं गोल टोकाचीच राहतात.

७. कडकनाथचा काळा वारसा
मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कातडी, मांस, हाडांवरचं आवरण, सगळं काळं. अंडं मात्र फिकट बदामी. असाच काळेपणा सिल्की या जातीतही असतो. बेटसन आणि पनेट यांनी १९११ च्या सुमारास सिल्की कोंबडा आणि तपकिरी लेगहॉर्न कोंबडी यांचा संकर केला. मुली गडद काळ्या कातडीच्या निघाल्या, मुलगे फिकट. काळेपणा रोखणारं जनुकही झेडवरच असतं आणि ते आईकडून फक्त मुलांकडे गेलं होतं.

८. उघडी मान, थंड अंग
मानेवर पिसं नसलेली कोंबडी पाहून आजारी समजू नका. हे जनुक अंगावरची पिसंही कमी करतं, त्यामुळे उष्णता चटकन बाहेर पडते. मुंबईच्या मे महिन्यात हा गुण सोन्याच्या मोलाचा. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने याच गुणावर 'हितकारी' हा संकर तयार केला. तिथेच कडकनाथपासून 'कॅरी श्यामा' आणि असीलपासून 'कॅरी निर्भीक' तयार झाले.

९. आपली बसरा
महाराष्ट्राच्या नावावर नोंदलेली देशी कोंबडी आहे आणि ते आपल्यालाच ठाऊक नसतं! नंदुरबार, धुळे आणि शेजारच्या गुजरातच्या पट्ट्यातली ही लहान चणीची, चपळ बसरा. याच नंदुरबारमधल्या नवापूरला फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला आणि परिसरातल्या लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. एखादी जात एवढ्याशा भागातच उरली असेल, तर एक साथ तिला किती महागात पडू शकते हे त्यातून समजतं.

१०. पिवळी कातडी, रानातली देणगी
पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज लाल रानकोंबडा. पण बऱ्याच कोंबड्यांची पिवळी कातडी आणि पिवळे पाय त्याच्याकडून आलेले नाहीत. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार ते जनुक राखी रानकोंबड्याचं, म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या पक्ष्याचं. संकराचा हा उद्योग निसर्ग आणि माणूस मिळून हजारो वर्षं करत आलेत.

११. झाकलं तरी आरवतं
कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे आपण म्हणतोच. जपानच्या नागोया विद्यापीठाने २०१३ मध्ये दाखवलं की कोंबड्याला सतत मंद उजेडात ठेवलं तरी तो पहाटेच्याच सुमाराला आरवतो. घड्याळ त्याच्या शरीरातच असतं. पहिली बांग देण्याचा मान कळपातल्या म्होरक्याचा, हेही त्याच संशोधकांनी पुढे सिद्ध केलं. शेजाऱ्यांची झोप मोडायची नसेल तर कोंबडा पाळूच नका. अंडी देण्यासाठी कोंबडीला त्याची गरज नसते. पिल्लं हवी असतील तरच तो लागतो.

१२. बदललेला बाप लगेच लागू होत नाही
कोंबडी नराचं बीज शरीरात साठवून ठेवते. जुना कोंबडा हलवल्यावरही दोन-तीन आठवडे त्याचीच पिल्लं निघू शकतात. म्हणून नवी जोडी लावताना साधारण महिनाभर थांबा आणि मगच खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवा. त्यानंतर २१ दिवस.

१३. गुलाबी-हिरव्या पिल्लांमागचं सत्य
जत्रेत नाहीतर शाळेबाहेर टोपलीत विकायला येणारी रंगवलेली पिल्लं बहुधा अंड्यांच्या कोंबड्यांचे नर असतात. हे अंडी देत नाहीत, मांसही फारसं धरत नाहीत, म्हणून हॅचरीला नकोसे होतात. जगभर असे नर पहिल्याच दिवशी मारले जातात. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून त्यावर बंदी घातली. आता अंड्यातच लिंग ओळखण्याची यंत्रं वापरात येत आहेत. मुलांच्या हट्टापायी रंगीत पिल्लू विकत घेऊ नका. मागणी थांबली तर हा छळही थांबेल.

आता कामाचं
आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. पिल्लांना पहिल्या आठवड्यातच मानमोडीची लस द्या. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानालगत किंवा आरेत राहत असाल, तर दिवेलागणीआधी खुराडं भक्कम बंद करा, कारण मुंगूस आणि बिबट्या दोघेही तिथलेच रहिवासी आहेत. इमारतीच्या आवारात पाळण्याआधी सोसायटी आणि वॉर्ड ऑफिसला विचारा.

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. ठिपक्याची, पंखाची, काळ्या कातडीची प्रत्येक युक्ती आई-बाप शुद्ध जातीचे असतील तरच चालते. संकराची पहिली पिढी दणकट आणि एकसारखी निघते. तिच्यातच पुढची जोडी लावली की गुण विखुरतात. म्हणून संकर हौसेने करा, पण मूळ जातीची एक जोडी वेगळी राखा. गावी परसू असेल तर तिथे असील किंवा कडकनाथ जपा. नंदुरबारकडचे असाल, तर बसराच जपा.