किल्ली कुणाच्या खिशात?

आपल्या हॉस्टेलचे वायरमनकाका काम करताना कधी नीट पाहिलेत? ट्यूबचा चोक बदलायच्या आधी ते खाली बोर्डापाशी जातात, किटकॅट फ्यूज उपसतात आणि सरळ शर्टाच्या खिशात टाकतात. मग शिडीवर चढतात. इकडे अंधारात बसलेली अख्खी विंग बोंबलत असते, "काका, उद्या सबमिशन आहे हो!" काका ढिम्म. काम संपलं की खाली येणार, खिशातून फ्यूज काढणार आणि मगच लाइट येणार.

मला वाटायचं, फ्यूज चोरीला जाईल म्हणून खिशात ठेवत असतील. खरं कारण कळायला थर्ड इयरनंतरच्या ट्रेनिंगला जावं लागलं.

सुट्टीत एका केमिकल कारखान्यात महिनाभर होतो. दुसऱ्या आठवड्यात एकदा सकाळी सुपरवायझर घाईघाईत म्हणाले, "जा रे, चार नंबरचा मिक्सर चालू कर." इतके दिवस नुसतं 'बघत राहा' ऐकलेलं, त्यामुळे मी जवळजवळ पळतच पॅनेलपाशी गेलो. बघतो तर हँडलला लाल कुलूप आणि त्याला लटकलेलं एक लेबल. म्हटलं, कुणीतरी काढायला विसरलं. किल्ली शोधत मिक्सरपाशी गेलो तर बाहेर एक मदतनीस उभा. त्याला किल्ली विचारली. त्याने मिक्सरच्या तोंडाकडे बोट दाखवलं. "किल्ली काकांच्या खिशात आहे. अन् काका आत हायेत."

फिटरकाका आत उतरून पात्यांना चिकटलेला माल खरवडत होते.

सुपरवायझर नुकतेच ड्यूटीवर आले होते. आत माणूस उतरलाय, हे आदल्या पाळीच्या लोकांनी त्यांना सांगितलंच नव्हतं. मी काही बेफिकीर नव्हतो, सुपरवायझरही वाईट माणूस नव्हते. फक्त एक निरोप पोचला नव्हता. ते पाव किलोचं कुलूप नसतं तर माझ्या हातून काय झालं असतं, हा विचार आजही नकोसा वाटतो.

असा एक निरोप न पोचल्याने किती मोठा अनर्थ होऊ शकतो, हे पाहायचं असेल तर पायपर अल्फाची हकीकत वाचावी. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनपासून साधारण १९० किलोमीटरवर, उत्तर समुद्रात उभा असलेला हा तेल आणि वायूचा प्लॅटफॉर्म होता. आपल्या मुंबई हायला असतात तसा. वायूतून निघणारं पेट्रोलसारखं हलकं द्रव, म्हणजे कंडेन्सेट, पुढे ढकलायला तिथे दोन पंप होते : ए आणि बी. एक चालू, एक राखीव.

६ जुलै १९८८ रोजी ए पंप दुरुस्तीसाठी बंद ठेवला होता. त्या कामाचं एक वर्क पर्मिट निघालं होतं. (अमुक जागी, अमुक काम, अमुक खबरदारी घेऊन करायला हरकत नाही, असा सह्यांचा कागद म्हणजे वर्क पर्मिट.) त्याच पंपाच्या लाइनवरचा सेफ्टी व्हॉल्व्हही तपासणीसाठी काढला होता. त्याचं पर्मिट मात्र वेगळं होतं. संध्याकाळपर्यंत व्हॉल्व्ह परत बसला नाही, म्हणून उघड्या तोंडावर झाकण बसवलं. त्याला ब्लाइंड फ्लँज म्हणतात. ते दाब सोसण्याइतकं घट्ट नव्हतं. आणि व्हॉल्व्ह जागेवर नाही, हे रात्रपाळीला समजलंच नाही.

रात्री पावणेदहाच्या सुमारास बी पंप बंद पडला. काही केल्या सुरू होईना. दोन्ही पंप बंद म्हणजे प्लॅटफॉर्मच बंद पडायची वेळ. माणसांनी कागद शोधले. ए पंपाच्या दुरुस्तीचं पर्मिट सापडलं, पण ते काम तर अजून सुरूच झालेलं नव्हतं. म्हणजे पंप चांगला आहे! व्हॉल्व्हचं पर्मिट त्यांच्या हाती आलंच नाही. पंपाजवळ उभं राहून व्हॉल्व्हची जागाही दिसत नव्हती. त्यांनी ए पंप सुरू केला. झाकणातून कंडेन्सेट फवारलं आणि दहाच्या सुमारास पहिला स्फोट झाला.

पुढे एकेक गोष्ट फसत गेली. मधल्या भिंती आग अडवायला बांधलेल्या, स्फोट सोसायला नव्हे. समुद्रात पाणबुडे काम करत, ते पाण्याबरोबर ओढले जाऊ नयेत म्हणून आगीचे पंप ऑटोमॅटिकवरून मॅन्युअलवर ठेवलेले. शेजारच्या प्लॅटफॉर्मवरून तेल आणि वायू येणं लगेच थांबलं नाही. बरेच जण राहण्याच्या भागात हुकमाची वाट बघत बसले आणि धुराने गुदमरले. प्लॅटफॉर्मवरच्या २२६ माणसांपैकी १६५ गेली, वाचवायला आलेल्या बोटीवरचे २ गेले. एकूण १६७.

लॉर्ड कलन यांच्या चौकशीचा अहवाल १९९० मध्ये आला. त्यात १०६ शिफारशी होत्या. पर्मिटची पद्धत तिथे होती, पण ती कागदापुरतीच उरली होती, हे त्यातून उघड झालं. व्हॉल्व्ह बंद केल्यावर त्याला कुलूप आणि लेबल लावायलाच हवं, हीसुद्धा त्यातलीच एक शिफारस. कागद दुसऱ्या टेबलावर राहू शकतो. कुलूप मात्र हँडलवरच असतं. चालू करायला येणाऱ्याचा हात आधी त्यालाच लागतो.

फिटरकाकांनी मला नंतर चहाच्या वेळी सांगितलेली पद्धत अशी :

१) मशीन बंद करायच्या आधी संबंधितांना सांगायचं.
२) वीज, वाफ, हवा, द्रव असं जे जे मशीनमध्ये येतं ते सगळं तोडायचं. नुसता स्टॉपचा बटण दाबून भागत नाही.
३) प्रत्येकाने स्वतःचं कुलूप लावायचं. चार माणसं कामाला असतील तर चार कुलपं. किल्ली ज्याची त्याच्या खिशात.
४) अडकलेली शक्ती सोडायची : लाइनमधला दाब, ताणलेली स्प्रिंग, चार्ज झालेला कपॅसिटर.
५) मग स्टार्ट दाबून बघायचं. मशीन हललं नाही, तरच हात घालायचा.

टाकीत उतरायचं असेल तर आणखी एक. आतली हवा मीटरने तपासायची. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, तो १९.५ च्या खाली गेला तर आत जायचं नाही. आणि आतला माणूस पडला, तर बाहेरच्याने तसंच आत उडी घ्यायची नाही. अशा टाक्यांमध्ये वाचवायला गेलेलेच कितीदा मरतात. बाहेरून दोरीने ओढायची सोय आधीच करून ठेवायची.

आपल्याकडे ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. बिल्ले लावतात, शपथ घेतात, हेल्मेट घालून फोटो काढतात. हेल्मेट हवंच, पण ते सगळ्यात शेवटी येतं. आधी धोकाच काढून टाकता येतो का ते बघायचं. नाही तर कमी धोक्याचं काही वापरायचं. मग गार्ड किंवा इंटरलॉक. मग पर्मिट आणि नियम. आणि या सगळ्यांतूनही जे निसटेल त्यासाठी हेल्मेट. मिक्सर फिरला असता तर काकांच्या डोक्यावरचं हेल्मेट काय कामाचं होतं?

एक-दोन वर्षांत आपल्यापैकी बरेच जण कुठल्या ना कुठल्या प्लँटवर किंवा साइटवर असतील. पर्मिटवर सही मागायला कुणीतरी येईल आणि मागून फोन वाजत असेल, "अजून किती वेळ?" तेव्हा जागेवर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघा, मगच सही करा. पाळी संपताना समोरच्याला तोंडीही सांगा, लेखीही द्या. दहा मिनिटं उशीर झाला तर बोलणी खावी लागतील, खा.

आणि आज रात्री विंगमध्ये अंधार झालाच, तर वायरमनकाकांच्या नावाने बोंबलू नका. फ्यूज त्यांच्या खिशात आहे, म्हणून ते शिडीवर आहेत.