जनीच्या जात्याची घरघर

पंढरपूरला गेलेली मंडळी विठ्ठलाचे दर्शन आटोपले की गोपाळपूरलाही जाऊन येतात. तेथे जनाबाईचे म्हणून एक जाते दाखवतात. ते खरोखर तिचेच की कसे, हे संशोधकांनी ठरवावे. बायामाणसे मात्र त्याला हात लावतात आणि तोच हात कपाळी लावतात. संतांच्या पादुका पुष्कळ ठिकाणी पूजतात. पण दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या बाईचे जाते?

जनी गंगाखेडची, दमाची लेक. लहानपणीच गोदाकाठ सुटला आणि ती पंढरपुरास दामाशेटींच्या घरी कामाला राहिली. नामदेव (1270–1350) याच घरातले. तिने जन्मभर स्वतःला त्यांची दासी म्हणवून घेतले. तिच्या नावावरचे सुमारे साडेतीनशे अभंगही नामदेवांच्या गाथेच्या आधारानेच आपल्यापर्यंत आले.

या अभंगांतला देव मखरात बसत नाही. तो दळू लागतो, कांडू लागतो, शेण वेचतो, पाणी भरतो, जनीची वेणी घालतो. रुसली की ती त्याला चक्क शिव्या देते! एका अभंगात तर डोईवरचा पदर ढळलेला असताना ती भर बाजारातून टाळ-वीणा घेऊन निघते. काही विद्वानांना वाटते, ही राबणाऱ्या बाईची समजूत काढण्याची युक्ती आहे. मला ते पटत नाही. ज्या कामाला घरातला कर्ता पुरुष बोट लावीत नाही, त्या कामाला जनीने त्रैलोक्याच्या धन्याला बसवले. यातला टोमणा आपल्या आज्या-पणज्यांना बरोबर कळला होता.

म्हणूनच जनी गाथेत अडकून पडली नाही. अक्षरओळख नसलेल्या बायकांनी तिला पहाटेच्या ओवीत घेतले. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं यांनी 1980 नंतरच्या दशकांत महाराष्ट्राच्या खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. भाऊ, माहेर, सासुरवास यांच्या जोडीला त्यांत विठू आणि जनीही आहेत. विठू जनीकडे जातो आणि इकडे रखुमाई फुगून बसते! हा रुसवा बायकांनी आपल्या संसारातला आणून देवाच्या घरात घातला. जनीचे बोट धरल्यावर एवढी मोकळीक त्यांना मिळालीच.

पुढे गिरण्या आल्या आणि जाती माळ्यावर गेली. गेली ते बरेच झाले. रोज पहाटे उठून पायलीभर दळलेल्या बाईला कोणी विचारून पाहावे! पण दळणाबरोबर ओवीही थांबली, आणि जात्याच्या घरघरीत मनातले बोलून टाकण्याची ती एक जागा गेली.

जनीचे अभंग आज रेडिओवर, ध्वनिमुद्रिकांवर ऐकू येतात, क्रमिक पुस्तकांतही भेटतात. ऐकणारे डोळे मिटून माना डोलावतात. आत चकलीची भाजणी मळून ठेवलेली असते, तेल तापलेले असते आणि बाहेरून विचारणा होते, "झाली का गं पहिली ताटली?" जनीचा विठू असता तर एव्हाना सोऱ्या घेऊन बसलाही असता.