अडुसष्ट म्हणजे किती?

ॲप वापरायला सोपे की अवघड, हे मोजण्याची सर्वांत प्रचलित फूटपट्टी दहा विधानांची आहे. जॉन ब्रूक यांनी 1986 साली इंग्लंडमध्ये, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना ती तयार केली. तिचे नाव सिस्टिम युजेबिलिटी स्केल. प्रत्येक विधान किती पटते, ते एक ते पाचमध्ये सांगायचे. विषम क्रमांकाची विधाने कौतुकाची, सम क्रमांकाची तक्रारीची. विषम विधानांच्या गुणांतून एक वजा, सम विधानांचे गुण पाचातून वजा आणि बेरजेला अडीचने गुणले, की शून्य ते शंभरमधला आकडा मिळतो.

हा आकडा टक्केवारी मात्र नव्हे. शेकडो चाचण्यांची सरासरी 68 च्या आसपास येते. म्हणजे 68 मिळवणारे ॲप पहिल्या वर्गात नसते, जेमतेम मध्यावर असते. जाहिरातींतले आकडे वाचताना एवढे ध्यानात ठेवायलाच हवे.

महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2021 पासून शेतकरी ई-पीक पाहणी ॲपवर स्वतःच्या पिकाची नोंद करू लागले. मोसम खोऱ्यातल्या नामपूरच्या एखाद्या कांदा उत्पादकापुढे ही दहा विधाने ठेवली, असे समजू. चौथे विधान विचारते, की हे वापरायला जाणकाराची मदत लागेल का? फोन मुलाच्या हाती असतो. बाप गट नंबर आणि क्षेत्र सांगतो, पोरगा टाइप करतो, बांधावर उभे राहून दोघे फोटो काढतात. नोंद सुरळीत होते, पण बाप प्रामाणिकपणे पाच गुण देतो. बाकी नऊ उत्तरे तीच ठेवून इथे दोनाचे पाच झाले, तर 70 चा आकडा 62.5 वर येतो. घरातले सहकार्य ॲपचा दोष म्हणून मोजले जाते!

शब्दही अडतात. आठव्या विधानातला ‘कम्बरसम’ हा शब्द इंग्रजी मातृभाषा नसलेल्या अनेकांना कळत नाही, हे संशोधक फिनस्टॅड यांनी 2006 मध्ये दाखवले. नामपूर ज्या बागलाणात आहे, तिथे घरी ‘मला’ऐवजी ‘माले’ म्हणणाऱ्या अहिराणीभाषकापुढे ‘प्रणालीतील विसंगती’ असे छापील मराठी ठेवले, तर तो सरळ मधला तीन निवडेल.

सर्वांत मोठी अडचण भिडेची. संशोधक निकोला डेल आणि सहकाऱ्यांनी बंगळूरमध्ये 450 जणांना विचारले, तेव्हा दोन्ही वस्तू अगदी सारख्या असूनही विचारणाऱ्याने बनवलेली वाटणारी वस्तू पसंत पडण्याची शक्यता सुमारे अडीचपट निघाली. विचारणारा परदेशी आणि सोबत दुभाषी असेल, तर पाचपट. 2012 चा हा निबंध प्रत्येक सर्वेक्षकाने वाचावा.

म्हणून प्रश्नावली भरून घेणारा ॲप बनवणाऱ्यांपैकी नसावा. तिच्या जोडीला नोंद पूर्ण व्हायला लागलेली मिनिटे, बोट कोणत्या पडद्यावर अडले आणि फोन कोणाच्या हातात होता, हेही टिपावे लागते.